गुणवंतांची बातमी आणि त्यानंतरची साडेपाच वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत आठवडाभर एका ठरावीक प्रकारच्या बातम्या येतात. ऊसतोड कामगाराचा मुलगा, हमालाची मुलगी, धुणीभांडी करणाऱ्या आईची लेक आता डॉक्टर होणार, असा मथळा असतो. पेढा भरवणाऱ्या आईवडिलांचे छायाचित्र असते. आणि जिद्दीने परिस्थितीवर मात केल्याचा निर्वाळा असतो. या बातम्या छापू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि अशी कात्रणे आमच्या सूचनाफलकावर मी हौसेने लावलेली आहेत, कारण पुढच्या तुकडीतल्या मुलांना त्यांतून बळ मिळते. परंतु ज्या घरातून याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरातल्या मुलाला ७२० पैकी पुरेसे गुण मिळाले म्हणजे त्याचे काम झाले, असा जो समज या बातम्यांमुळे पसरतो, त्याविषयी मला लिहावेसे वाटते. गुण मिळेपर्यंत त्याला निदान स्वतःच्या अभ्यासाचा भरवसा असतो. पुढे ज्या गोष्टी लागतात त्या अभ्यासाने मिळत नाहीत, आणि त्या प्रत्येक अर्जदाराच्या घरी वडिलोपार्जित असणारच असे धरून आपली सर्व व्यवस्था चालते.

पहिला प्रश्न कागदांचा. राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या, म्हणजे प्रवेश परीक्षा कक्षाच्या, फेऱ्यांतून भरल्या जातात आणि राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला तेथे जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र दाखवावे लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेपूर्वीचा पुरावा जोडावा लागतो, आणि सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो तो आजोबा-पणजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा. आता ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, ज्याच्या वडिलांनी दुसरी-तिसरीतून शाळा सोडून कोयता हाती घेतला, त्याने हा उतारा आणायचा कोठून? आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या महसुली नोंदी बऱ्याच ठिकाणी उर्दूत, काही मोडीत आहेत, आणि तांड्यावर किंवा पालावर राहणाऱ्यांच्या नावे जमीनच नसल्यामुळे त्या नोंदींतही त्यांचा ठावठिकाणा सहसा लागत नाही. मग कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची एखादी ओळ, चुलत आजोबांच्या नावे झालेले एखादे खरेदीखत, असे काहीतरी शोधत कुटुंब तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षापुढे बसून राहते.

माझ्या वर्गात एकाच वर्षी, एकाच जातीचे दोन हुशार मुलगे होते. एकाचे वडील शिक्षक होते आणि त्यांच्याजवळ स्वतःचे वैधता प्रमाणपत्र होते. ते जोडल्यावर मुलाचे काम फारशी तोशीस न पडता झाले, आणि रक्ताच्या नात्यातील वैध ठरलेला पुरावा पुढच्या पिढीला उपयोगी पडावा हे योग्यच आहे. दुसरा तांड्यावरचा. त्याचे आईवडील दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या पट्ट्यात जात आणि पाडव्याच्या सुमारास परत येत. त्याच्या अर्जावर एकामागून एक त्रुटी निघाल्या, प्रत्येक त्रुटीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत आणखी भर पडायची, आणि त्रुटीचे पत्र इतके रुक्ष व आडवळणी असे की ते वाचून नेमके काय आणायचे हे समजण्यासाठी मलाच दोनदा वाचावे लागे. शेवटी त्याचे प्रमाणपत्र आले, परंतु ते आले आमच्या एका निवृत्त लिपिकाला जुन्या दप्तराची माहिती होती म्हणून. आरक्षण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी जो सर्वांत मागे उभा आहे, त्यालाच ते मिळवायला सर्वांत जास्त खटपट पडते, ही गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहिली आहे. (याचा अर्थ आरक्षण नको असा कोणी काढू नये. मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.)

यावर उपाय नाही असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज महाविद्यालयातच भरून घेऊन वैधता प्रमाणपत्रे तेथेच देण्याचा प्रयोग झाला आणि तो ‘मंडणगड पॅटर्न’ म्हणून राज्यभर राबवण्याचे सामाजिक न्याय विभागाने जाहीर केले. विद्यार्थी अकरावीत असताना हे काम झाले तर दोन वर्षांची उसंत मिळते. निकालानंतर सुरू झाले तर हातात काही आठवडे असतात. अशी शिबिरे ज्या तालुक्यांत नियमाने होतात तेथील पालक सुदैवी म्हणायचे. बाकीच्या ठिकाणी सरकार दरवर्षी मुदत वाढवून देईल या आशेवर प्रवेश टांगलेले असतात.

कागद जमले की पसंतीक्रम भरायचा असतो. कोणते महाविद्यालय आधी लिहावे, पहिल्या पसंतीचे मिळाले आणि घेतले नाही तर पुढच्या फेरीत काय होते, राष्ट्रीय कोट्यातील १५ टक्के जागांच्या फेऱ्या वेगळ्या असतात त्यांचा मेळ कसा घालावा, हे सारे नियमपुस्तिकेत असते, परंतु ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि ज्याने असे काही आयुष्यात पाहिलेले नाही त्याला ती वाचूनही धीर येत नाही. या भीतीवर आता एक धंदाच उभा राहिला आहे. पसंतीक्रम भरून देण्यासाठी हजारो रुपये घेणारी ‘समुपदेशन केंद्रे’ प्रत्येक मोठ्या गावात निघाली आहेत, आणि मुलाचे गुण शासकीय महाविद्यालयात सहज प्रवेश मिळण्याइतके असूनही वडिलांनी व्याजाने पैसे काढून अशा केंद्रात भरल्याचे मी पाहिले आहे. डॉक्टरांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या घरी जेवताना याच गप्पा चाललेल्या असतात.

पैशांविषयी फार लिहीत नाही, कारण शासनाच्या योजना पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही खरोखर चांगल्या आहेत. ‘महाज्योती’ या शासकीय संस्थेने इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांना परीक्षेच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचे ६ जीबी इंटरनेट दिले, त्याचा उपयोग करून शिकलेली मुले माझ्या माहितीत आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क शासन भरते, हा तर फार मोठा निर्णय आहे. ‘मुलीला एवढे शिकवून काय करायचे’ या प्रश्नाला त्याने निदान पैशांच्या बाजूने उत्तर दिले. अडचण होते ती वेळेची. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये असा आदेश असला तरी वसतिगृहाची व ग्रंथालयाची अनामत रक्कम, विद्यापीठाची पात्रता फी, पहिल्या महिन्याची खानावळ, ॲप्रन, विच्छेदनाची हत्यारे आणि पुस्तके यांसाठी पहिल्या पंधरा दिवसांत रोख रक्कम लागते, तर निर्वाह भत्ता खात्यावर जमा होतो तो बहुधा वर्ष सरताना. मधल्या काळात गावात वर्गणी होते. वर्गणी देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु अठरा वर्षांच्या मुलाला साऱ्या गावाचे मिंधेपण घेऊन वसतिगृहात पाऊल टाकावे लागते, आणि त्याचा परिणाम पुढे दिसतो.

तो परिणाम मी आता सांगणार आहे, कारण या पत्राचा खरा विषय तोच आहे.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मुख्य विषय असतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाने अकरावी-बारावीत इंग्रजीचा पहिला धक्का पचवलेला असतो. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, परंतु आमच्याकडे विज्ञान शाखा इंग्रजीतूनच शिकवली जात असल्यामुळे ती घेणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. तरीही ‘नीट’मध्ये चार पर्यायांपैकी एक निवडायचा असतो, वाक्य लिहायचे वा बोलायचे नसते. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र दीर्घोत्तरी प्रश्न असतात आणि तोंडी परीक्षा असते. तांड्यावरचा तो विद्यार्थी मला सांगत होता की परीक्षकांनी दंडाचे हाड हातात दिले आणि ते उजव्या बाजूचे की डाव्या, आणि कशावरून, असे विचारले. हाड त्याने ओळखले होते. त्याची गोल बाजू, खोबण, उंचवटे सारे त्याला दिसत होते. परंतु ‘कशावरून’ याचे उत्तर देण्यासाठी जे इंग्रजी वाक्य लागते ते ओठावर येईना. परीक्षकांना वाटले अभ्यास झालेला नाही. शेजारच्या टेबलावर शहरातील इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा चुकीचे उत्तर अस्खलित देत होता आणि परीक्षक त्याला हसून सुधारत होते.

या मुलाला त्या वर्षी दोन विषयांत यश आले नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत ही काही जगबुडी मानली जात नाही. पुरवणी परीक्षा असते, मुले तिला ‘सप्ली’ म्हणतात, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षासाठी चार संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षे मिळतात. ज्याचे काका किंवा बहीण डॉक्टर आहे त्याला घरूनच सांगितले जाते की असे होते, घाबरू नकोस, या प्रकरणावर भर दे, त्या वरिष्ठाच्या नोंदी घे. परंतु आमच्या या विद्यार्थ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले होते, चौकात त्याच्या नावाचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर नावाआधी ‘डॉ.’ लावण्याची घाईसुद्धा कोणीतरी केली होती. शाल-श्रीफळ घेऊन सत्कार स्वीकारलेल्या आणि वर्गणीच्या पैशांतून पुस्तके घेतलेल्या मुलाने नापास झाल्याचे कोणाला सांगायचे? आईवडिलांना सांगितले तर त्यांना ‘नापास’ एवढेच कळणार. ते स्वतः शाळेत फारसे गेले नसल्यामुळे नापासाचा अर्थ त्यांच्या लेखी शिक्षण संपले असाच आहे. तो पुढचे कित्येक महिने गावी गेला नाही. फोनवर ‘अभ्यास चालू आहे’ एवढेच सांगत राहिला. मला कळले तेही त्याच्या एका मित्राकडून, योगायोगाने.

संपादक महोदय, ती बातमी आपण चांगल्या हेतूने छापली होती, आणि ती माझ्याच सांगण्यावरून आपल्या वार्ताहरापर्यंत गेली होती. त्या बातमीत असत्य काहीच नव्हते. तरीही ‘जिद्दीपुढे परिस्थिती हरली’ असे एकदा छापून आल्यावर त्या मुलाला मदत मागण्याची सोय उरत नाही, कारण मदत मागणे म्हणजे जिद्द कमी पडल्याची कबुली, असे त्याला वाटू लागते. शिक्षणाने पहिल्या पिढीत असलेल्या मुलांची गळती किंवा त्यांना लागलेली जादा वर्षे यांमागे बुद्धीचा प्रश्न फार थोडा असतो असे माझे मत आहे. प्रश्न असतो तो कोणाला काय विचारायचे हे माहीत नसण्याचा, आणि विचारायची लाज वाटण्याचा.

महाविद्यालयांत मार्गदर्शक शिक्षक नेमण्याची पद्धत आहे. ती बहुतेक ठिकाणी हजेरीच्या तक्त्यापलीकडे जात नाही. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून सुरुवातीला पायाभूत वर्ग घेतले जातात आणि त्यांत भाषेचाही समावेश आहे, परंतु काही दिवसांच्या वर्गाने सहा महिन्यांची अडचण भागत नाही. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत प्रकाशित झाली, तेव्हापासून मराठीतही तसे व्हावे अशी मागणी अधूनमधून होते. मातृभाषेचा अभिमान मलाही आहे, परंतु अनुवादित पुस्तक हाती घेऊन हा मुलगा पुढे पदव्युत्तर प्रवेशाची इंग्रजी परीक्षा कशी देणार, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. त्याला हवा आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी, जो पहिले सहा महिने आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याकडून हाडे हातात घेऊन मोठ्याने बोलवून घेईल. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या उपक्रमाने गरीब मुलांना प्रवेशापूर्वी विनामूल्य शिकवून दाखवले आहे. प्रवेशानंतरही असेच काही सर्व शासकीय महाविद्यालयांत उभे करता येईल, आणि त्याला इमारत लागत नाही की मोठा निधी. आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याला गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायला लावले आहे. त्यांतल्याच एखाद्या कुटुंबातून आलेला विद्यार्थी वर्गात शेजारी बसलेला असतो, त्याचाही पाठपुरावा कोणीतरी करावा.

त्यासाठी आधी असे विद्यार्थी किती आणि कोण, हे कळले पाहिजे. आपल्याकडे जात, उत्पन्न, अधिवास, अपंगत्व, सैनिकांचे पाल्य, अनाथ अशा सर्व गोष्टींचे दाखले आहेत, परंतु ‘घरातील पहिला पदवीधर’ असा प्रवर्ग नाही. तमिळनाडूत तो आहे. तेथे महसूल विभाग पहिल्या पदवीधराचा दाखला देतो आणि त्यावर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते. त्या राज्याने २०२० मध्ये सरकारी शाळेत सहावीपासून शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या, आणि २०२१ मध्ये न्या. ए. के. राजन यांच्या समितीने ‘नीट’चे परिणाम तपासताना पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांचे प्रमाण वेगळे मोजून ते घटल्याचे नोंदवले. ‘नीट’ रद्द करावी या त्यांच्या मागणीशी मी सहमत नाही. राज्यागणिक वेगळ्या परीक्षा आणि खासगी महाविद्यालयांचा जुना बाजार मी पाहिलेला आहे. परंतु मोजण्याची त्यांची रीत आपण घ्यायला हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोली, जालना, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली अशा ठिकाणी मिळून दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि ९०० जागा वाढल्या. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत पहिल्या पिढीतील किती मुले आली, त्यांतील किती पहिले वर्ष पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली, एवढे दोन आकडे दरवर्षी जाहीर झाले तरी पुष्कळ गोष्टी उजेडात येतील.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले हे सांगायला हवे. दुसऱ्या प्रयत्नात तो सुटला आणि रुग्णालयातील वर्षे सुरू झाली तसे चित्र बदलले. सकाळी बाह्यरुग्ण विभागात आलेली म्हातारी ‘काळीज धडधडतंय, हातापायातनं वारं गेल्यावाणी होतंय’ म्हणते तेव्हा इंग्रजी शाळेतून आलेले सहाध्यायी त्याच्याकडे पाहू लागले. रुग्णाने औषध मध्येच का सोडले, तो कारखान्यावर गेला की परत कधी येईल, गोळ्या उपाशीपोटी घे म्हटले तर त्याला ते जमेल का, हे त्याला विचारावे लागत नसे. नंतर बंधपत्राची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेली शासकीय, एक वर्षाची सेवा त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात केली. तेथेही एक पेच होताच: घरच्यांच्या दृष्टीने तो डॉक्टर झालेला होता, बहिणीचे लग्न ठरायचे होते, आणि पदव्युत्तर परीक्षेसाठी आणखी एक-दोन वर्षे पुस्तकांत घालवायची आहेत हे वडिलांना पटवून देणे त्याला कोणत्याही तोंडी परीक्षेपेक्षा कठीण गेले. सध्या तो नोकरी सांभाळून अभ्यास करतो आहे. याची बातमी कोठेही आलेली नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. जूनमध्ये ज्यांची छायाचित्रे आपण छापता त्यांच्यापैकी काहींना, त्यांची तयारी असेल तर, वर्षभराने पुन्हा भेटावे आणि प्रवेश, वसतिगृह, परीक्षा यांत काय अडले हे त्यांच्याच शब्दांत छापावे. नाव न छापता छापले तरी चालेल, किंबहुना तेच बरे. दुसरी विनंती निकालाच्या आधीची आहे. निकालानंतर आपल्या पहिल्या पानावर शिकवणी वर्गांच्या पानभर जाहिराती असतात आणि त्यांत एकाच विद्यार्थ्याचे छायाचित्र कधीकधी दोन वर्गांच्या जाहिरातींत दिसते, हा आपल्या जाहिरात विभागाचा प्रश्न म्हणून सोडून देतो. परंतु एप्रिल महिन्यात, परीक्षेच्याही आधी, आतल्या पानावर एक चौकट देऊन कोणते दाखले लागतात, प्रत्येकासाठी कोणता पुरावा चालतो, शाळेची नोंद नसेल तर कोतवाल बुकाचा उतारा कोणाकडे मागायचा आणि त्यासाठी अर्ज कसा लिहायचा, एवढे साध्या मराठीत छापावे. जूनमध्ये छापून त्याचा फारसा उपयोग नाही. तोवर तहसीलच्या दारात रांग लागलेली असते आणि अभिलेख कक्षातील माणसाला मान वर करायला सवड नसते. मजकूर तयार करून द्यायला मी आणि आमचे ते निवृत्त लिपिक तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक,
जिंतूर, जि. परभणी